सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे जुलाब, ताप आणि खोकला : शुश्रूषा कोठे वेगळी होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपजिल्हा रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या एका अधिपरिचारिकेच्या बालरोग कक्षात साडेचार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेली मुलगी तीन दिवसांचे जुलाब, ताप आणि खोकला घेऊन दाखल झाली आहे. वजन १० किलो, दंडाचा घेर १२.८ सेंटिमीटर. तिला बसता येत नाही, बोलता येत नाही आणि आकडीसाठी सोडियम व्हॅल्प्रोएटचे सिरप चालू आहे. डॉक्टरांनी काही प्रमाणात जलशुष्कता (शरीरातील पाण्याची कमतरता) असल्याचे लिहून ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल आणि प्रतिजैविक सुरू केले आहे. सिस्टरांचे विचारणे असे की, औषधे इतर मुलांचीच असतील तर शुश्रूषाही तीच का नसावी, आणि वेगळी असेल तर नेमकी कोठे? स्वमग्न (ऑटिझम असलेली) आणि डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेली मुले आली तर काय पाहावे, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

औषधे तीच आहेत, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. फरक पडतो तो मूल पाहण्यात. जलशुष्कता, न्युमोनिया, ग्लानी, वेदना ओळखण्याची जी लक्षणे आपण शिकलो, ती बोलणाऱ्या, बसणाऱ्या, हात पुढे करून पाणी मागणाऱ्या मुलांवरून ठरलेली आहेत. या मुलीत त्यांतली काही लक्षणे ती बरी असतानाही असतात, आणि काही ती अत्यवस्थ झाली तरी उमटत नाहीत. म्हणून इंडोर पेपर, म्हणजे दाखल रुग्णाचा नोंदकागद, भरायला घेण्यापूर्वी आईजवळ स्टूल ओढून बसा आणि "काय होतंय?" याच्या आधी "एरवी ही कशी असते?" हे विचारा. ती हो-नाही कसे कळवते, तहान लागली की काय करते, किती झोपते, शी किती दिवसांनी होते, आवाज कसा असतो, अंग किती ताठ असते, आकडी आली तर ती कशी दिसते आणि किती वेळ टिकते, जेवण भरवायला किती वेळ लागतो, एवढ्या आठ गोष्टी आईच्याच शब्दांत एका कागदावर लिहा, तो खाटेच्या डोक्याशी चिकटवा आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, वाचून द्या. मी हा कागद सुरू केला तेव्हा "हा कोणता नमुना?" असे मला विचारले गेले होते; नमुना क्रमांक नसलेला कागद आपल्याकडे कागद समजला जात नाही. तरीही तो ठेवा.

आता जुलाबांकडे येऊ. जलशुष्कता ठरवताना आपण चार गोष्टी पाहतो : मूल अस्वस्थ आहे की सुस्त, डोळे खोल गेले आहेत का, पाणी अधाशासारखे पिते की पिऊच शकत नाही, आणि पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली की किती वेळात पूर्ववत होते. या मुलीच्या बाबतीत चारही ठिकाणी फसगत होऊ शकते. ती बोलत नाही आणि अंगाने ताठ आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती सुस्त वाटते किंवा अस्वस्थ वाटते, प्रत्यक्षात ती रोज तशीच असते. चेहऱ्यावरची चरबी आधीच उतरलेली असल्याने डोळे एरवीही खोलच असतात. अधाशासारखे पिणे तिला जमतच नाही, कारण गिळण्याच्या स्नायूंचा मेळ बसत नाही. म्हणून "पिऊ शकत नाही" या रकान्यात खूण करून तिला विनाकारण गंभीर गटात ढकलले जाते, नाहीतर "ती नेहमीच असं पिते" असे म्हणून खरी गंभीर अवस्था निसटते. कृश मुलाच्या त्वचेची चिमटीही पाण्याची कमतरता नसताना सावकाश उतरते. तोंडाचेही तसेच आहे. लाळ गळत असेल तर ओठ ओले दिसतात आणि तोंडाने श्वास घेण्याची सवय असेल तर जीभ कायम कोरडी दिसते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? वजनावर आणि लघवीवर. दाखल होताना कमीत कमी कपड्यांत वजन घ्या आणि आईकडे आधीच्या महिन्याच्या वजनाची नोंद असेल तर ती मागा. अंगणवाडीच्या कार्डावर ती पुष्कळदा सापडते. नंतर दर सहा ते आठ तासांनी त्याच काट्यावर वजन करा. लंगोट किंवा डायपर कोरडा असताना तोलून ठेवा आणि ओला झाला की पुन्हा तोला. एक ग्रॅमचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर लघवी. पातळ शी त्यात मिसळली असेल तर तसे लिहा, आकडा दडपून भरू नका. सहा तास लघवी नाही ही बाब सकाळच्या राउंडपर्यंत थांबण्यासारखी नाही, त्याच वेळी डॉक्टरांना उठवण्यासारखी आहे.

ओआरएसचा हिशेब वयावर न करता वजनावर करा. काही प्रमाणात जलशुष्कता असताना पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिली द्यायचे, म्हणजे या मुलीला ७५० मिली. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पाच मिलीच्या चमच्याने ते १५० चमचे होतात, आणि २४० मिनिटांत ते द्यायचे तर साधारण दर दीड मिनिटाला एक चमचा पडतो. तुमच्या कक्षात तीस मुले असतील तर हे तुमच्याच्याने होणार नाही, आईच्याच हातून होईल, आणि आईला एकटीला चार तास जमणार नाही, म्हणून आजी, मावशी, जी कोणी सोबत असेल तिला आळीपाळीने बसवा. ओआरएसचा इतिहासही हेच सांगतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. त्यातून कॉलऱ्याने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. आईला "पाजत राहा" एवढेच सांगू नका. भांड्यावर खूण करून द्या, दर तासाला भांडे इथपर्यंत उतरले पाहिजे असे दाखवा, आणि तासातासाला येऊन पाहा.

एक पुडी एक लिटर पाण्यात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण पेल्यात अर्धी पुडी कालवलेली मी आजही पाहते. घट्ट द्रावणाने शरीरातील क्षार वाढतात, आणि तहान सांगू न शकणाऱ्या मुलात ते लवकर लक्षात येत नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी निघाला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण असते आणि वरचा हिशेब लागू नाही. अशा मुलाला पाणी पुष्कळ हळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, नाहीतर हृदयावर भार येतो. तुमच्या मुलीचा घेर १२.८ आहे, म्हणजे ती त्या रेषेच्या थोडी वर आहे. रोज मोजत राहा.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवेन, ती म्हणजे पाजण्याची आणि भरवण्याची पद्धत. या मुलीचा खोकला आणि तिचे भरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे धरून चालू नका. आपल्याकडे बाळाला लांब केलेल्या पायांवर उताणे घेऊन बोंडल्याने दूध पाजण्याची जुनी रीत आहे, आणि मूल बसत नसले की चार-पाच वर्षांचे झाले तरी तीच रीत चालू राहते. मान मागे, हनुवटी वर, घशात धार. त्या स्थितीत श्वासनलिकेचा मार्ग उघडा राहतो आणि दूध तिकडे उतरते. धडधाकट मूल जोरात ठसकून ते बाहेर काढते. हिच्या ठसक्यात तेवढा जोर नसतो, आणि काही मुलांत तर ठसका येतच नाही. वर्षातून चार-पाच वेळा छाती भरणाऱ्या मुलांची आई जेव्हा "हवा बदलली की होतं" असे सांगते, तेव्हा मी तिला माझ्यासमोर एकदा भरवून दाखवायला सांगते. बहुतेक वेळा कारण त्या वाटीशीच दिसते.

तिला कसे बसवायचे ते प्रत्यक्ष करून पाहा. अंग ताठ असलेल्या मुलाला खांद्याला धरून उचलले की ते कमानीसारखे मागे जाते. त्याऐवजी आधी कंबर आणि गुडघे वाकवा. कमरेत वाकले की पाठीचा ताठरपणा बराच सैल पडतो. आई भिंतीला टेकून बसली, तिने गुडघे उभे केले आणि मुलीची पाठ त्या मांड्यांच्या उताराला टेकवून चेहरा आपल्याकडे घेतला, की दोघींचे डोळे समोरासमोर येतात आणि दोन्ही हात बऱ्यापैकी मोकळे राहतात. मान सरळ, हनुवटी किंचित छातीकडे. चमचा लहान आणि उथळ घ्यावा, समोरून, तोंडाच्या खालच्या बाजूने आणावा, जिभेच्या मधल्या भागावर हलकेच दाबून सरळ बाहेर काढावा. वरच्या दातांवर घासून अन्न आत लोटू नये. जबडा उघडाच राहत असेल तर अंगठा गालाजवळ, तर्जनी हनुवटी आणि ओठ यांच्यामध्ये आणि मधले बोट हनुवटीखाली ठेवून आधार द्यावा. एक घास गिळला गेला, तोंड रिकामे झाले, श्वास घेतला, मगच दुसरा. टीव्ही लावून, मूल हसत किंवा रडत असताना घास देऊ नये. भरवून झाल्यावर अर्धा ते पाऊण तास तिला आडवे करू नये.

पातळ पदार्थ गिळायला सर्वांत अवघड असतात, ही गोष्ट आयांना उलटी वाटते. त्यांना वाटते, चावता येत नाही म्हणून वरणाचे पाणी, दूध, चहात बुडवलेले बिस्कीट द्यावे. प्रत्यक्षात चमच्यावरून ओघळणार नाही इतपत दाट अन्न तिच्या जिभेला आवरता येते. मऊ खिमट, नाचणीची दाटसर पेज, घोटलेली मुगाची खिचडी वर तूप किंवा तेल घालून, दहीभात कालवून, हे जुलाबांतही चालू ठेवावे. उपाशी ठेवल्याने जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र आणखी खंगते. अडचण ओआरएसची येते, कारण ते पातळच आहे. त्यात काही मिसळून ते दाट करण्याचा प्रयोग करू नका. बसलेल्या स्थितीत चमच्याने, गालाच्या आतल्या बाजूला, थोडे थोडे द्या आणि चार खुणांवर लक्ष ठेवा : पाजल्यावर आवाज ओला, घरघरता होणे, डोळ्यांत पाणी येणे, ओठांभोवतीचा रंग बदलणे, श्वासाचा वेग एकदम वाढणे. यांतली एक जरी खूण दिसली तरी तोंडाने पाजणे थांबवा आणि डॉक्टरांना राइल्स ट्यूबविषयी, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीविषयी, विचारा. नळी घालावी लागली म्हणजे आईचा पराभव झाला असे तिला वाटते, तिचा चेहरा पडतो. दोन-चार दिवसांची सोय आहे, हे तिला आधी सांगा आणि मगच नळी हातात घ्या.

नळीची लांबी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीचे हाड संपते त्या टोकापर्यंत, बेंबीकडे थोडी पुढे, अशी मोजा, नाकपुडीजवळ कितवा सेंटिमीटर आला तो पेपरवर लिहा आणि प्रत्येक वेळी काही देण्यापूर्वी तो आकडा जुळतो का ते पाहा. सिरिंजने हवा मारून स्टेथोने आवाज ऐकण्यावर आपण सगळ्या वाढलो, पण ती खात्री पुरेशी नाही. ओढलेला द्राव पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी दाखवतो का ते पाहणे अधिक भरवशाचे आहे. द्रव दाबून ढकलू नका. सिरिंज मुलाच्या वर वीतभर उंचीवर धरून आपोआप उतरू द्या.

छातीसाठी श्वास मोजणे आलेच. एक ते पाच वर्षे वयात मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे वेग वाढलेला. मूल शांत असताना, पोट उघडे करून, पूर्ण एक मिनिट मोजा; पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे या मुलांत तर अजिबात चालत नाही, कारण त्यांचा श्वास मुळातच अनियमित असतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे पाहा; विदर्भात आया याला "डब्बा" म्हणतात आणि आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना श्वास मोजायला आणि न्युमोनियावर उपचार द्यायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, ते काम १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास मोजायला पदवी लागत नाही, फुरसतीचे एक मिनिट लागते, आणि नेमके तेच आपल्याकडे नसते.

पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा तिच्या आवळलेल्या मुठीत बसवू नका. अंगठा तळव्यात दाबलेला, बोटे थंड, आणि आकडा ८२ दाखवतो. मग धावपळ होते. पायाच्या अंगठ्याला लावा, पाऊल आधी हाताने ऊबदार करा, आणि नाडीचा आकडा प्रत्यक्ष नाडीशी जुळतो का ते पाहूनच प्राणवायूच्या आकड्यावर विश्वास ठेवा. ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन सुरू करून लगेच कळवा. झोपवताना उताणे न झोपवता कुशीवर झोपवा, डोक्याकडची बाजू ३० अंश उचला, पाठीमागे गुंडाळलेली चादर आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या, दर दोन तासांनी कूस बदला. सक्शन (नळीने कफ ओढणे) करावेच लागले तर एका वेळी १० सेकंदांपेक्षा अधिक नको, आणि भरवल्यानंतर लगेच तर नकोच.

तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. येथेही वय पाहून औषध दिले की चूक होते. साडेचार वर्षांच्या मुलाला अंदाजाने ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचे सिरप एक चमचा दिले जाते. १० किलोच्या या मुलीला तो किलोमागे २५ मिलिग्रॅमचा डोस झाला. तिला त्या सिरपचे ३ मिली पुरेत, आणि सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे असेल तर ६ मिली. बाटलीवरची ताकद वाचल्याशिवाय मिली लिहू नका, आणि आई घरून कोणती बाटली घेऊन आली आहे तेही पाहा. त्याच पिशवीत निमेसुलाइड हे ताप-वेदनेचे औषध सापडले तर ते बाजूला काढा. १२ वर्षांखालील मुलांसाठी ते आपल्याकडे २०११ पासून बंद आहे. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या आणि खोकल्याची मिश्रणेही काढा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची मुले डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते, हे तुम्ही विसरला नसाल. ती भेसळ नसती तरी, जिच्या खोकल्यात मुळातच जोर नाही तिचा खोकला औषधाने दाबण्यात काहीच हशील नाही. झिंक मात्र २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

आकडीच्या औषधाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष दाखल झालेल्या दिवशीच होते. "तोंडाने काही देऊ नका" असा आदेश पडतो, त्यात व्हॅल्प्रोएटचे सिरपही अडकते, दोन डोस चुकतात आणि रात्री आकडी येते. मग ती तापाची आकडी म्हणून लिहिली जाते. तोंड बंद ठेवायला सांगितले असेल तर आकडीचे औषध कोणत्या मार्गाने द्यायचे, हे त्याच क्षणी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचे की नाही हेही स्वतः न ठरवता विचारा, आणि उलटी किती मिनिटांनी झाली ते सांगा. आकडी आली तर घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, लाळ पुसा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायला नातेवाईक पुढे येतील. त्यांच्यावर ओरडण्याऐवजी एकाला मोबाईलवर वेळ सांगायला लावा, हात गुंतले की कांदा मागे पडतो. पाच मिनिटे झाली तरी थांबत नसेल तर डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे नाकात मारायचा, आकडी थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे. तो वजनावर किती, हे दाखल करतानाच लिहून ट्रेमध्ये ठेवलेले असावे. अशा मुलांचे दचकणे आणि अंग ताठ होणे याला आकडी समजण्याचीही चूक होते. हात-पाय हळूच वाकवून धरल्यावर हालचाल थांबली तर ती बहुधा आकडी नसते, पण शंका असेल तर आईला दाखवा आणि चित्रफीत काढून डॉक्टरांना दाखवा.

वेदनेबद्दल लिहिताना मला माझीच एक चूक सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात रात्रपाळीला असाच एक मुलगा होता. रात्री अकरापासून तो रडत होता, अंग आणखी ताठ करीत होता. ओव्हरमध्ये मला "सी.पी. (सेरेब्रल पाल्सी) आहे, रडका आहे" असे सांगितलेले होते, आणि मीही पेपरवर "चिडचिड" असे लिहून पुढच्या खाटेकडे गेले. त्याची आई दोनदा येऊन म्हणाली, "सिस्टर, हा असा रडत नाही." पहाटे सलाईन बदलताना मी हाताला आधार देणाऱ्या फळीवर गुंडाळलेले बँडेज सोडले, तेव्हा हात कोपरापर्यंत सुजून टणक झाला होता. सलाईन शिरेबाहेर जात होते. बोलणाऱ्या मुलाने "हात दुखतोय" असे पाच मिनिटांत सांगितले असते. तेव्हापासून मी इंट्राकॅथची (सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीची) जागा कधी पूर्ण झाकू दिली नाही, तासातासाला दोन्ही हात शेजारी धरून पाहिले, आणि ज्या हाताने मूल खूण करते त्या हाताला शक्यतो सुई लावू दिली नाही. तो हात बांधला की मुलाची बोलीच बंद होते. वेदना मोजण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे यांना शून्य ते दोन गुण देणारी फ्लॅक पट्टी वापरा, पण त्यात आईने सांगितलेली त्या मुलाची खास खूणही लिहून घ्या. कोणी दुखले की ओठ चावते, कोणी एकदम गप्प होते. कारण न सापडणारे रडणे असेल तर कान, दात, बद्धकोष्ठ, मांडीचे हाड आणि कंबरेचा सांधा हे पाहून घ्यायला डॉक्टरांना सांगा. कधीही उभे न राहिलेल्या मुलांची हाडे इतकी ठिसूळ असतात की लंगोट बदलतानाही मोडू शकतात, म्हणून पाय घोट्याला धरून वर उचलू नका, मांडीखाली हात घालून कूस वळवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देते. स्वमग्न मुलात शरीर बहुधा धडधाकट असते, अडचण आपल्या कक्षाची असते : ट्यूबलाइट, गोंगाट, दर पाळीला नवा चेहरा, न विचारता होणारा स्पर्श. कोपऱ्यातली खाट द्या, शक्य तितकी एकच सिस्टर ठेवा, प्रत्येक कृतीआधी तेच दोन-तीन शब्द वापरा, आणि थर्मामीटर किंवा बीपीची पट्टी त्याच्या हातात खेळायला देऊन मग लावा. औषध त्याच्या आवडीच्या पदार्थात लपवू नका. हा सल्ला पुष्कळांना विचित्र वाटतो, पण ज्या मुलाचे सगळे जेवण दहीभात आणि बिस्कीट एवढ्यावर चालते, त्याला दहीभातात एकदा कडू लागले की तो पदार्थही सुटतो, आणि आईकडे काही उरत नाही. डाउन सिंड्रोममध्ये मान आणि हृदय लक्षात ठेवा. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून सुई लावताना किंवा सक्शन करताना मान जोराने मागे किंवा पुढे वाकवू नका. जवळजवळ निम्म्या मुलांत जन्मजात हृदयविकार असतो, त्यामुळे सलाईनचा वेग ठरवण्यापूर्वी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे का ते पाहा. थायरॉइडची तपासणी कधी झाली तेही विचारा.

घरी सोडताना आईच्या हातात नुसता डिस्चार्ज कागद देऊ नका. आदल्या दिवशी तिला तुमच्यासमोर पूर्ण एक जेवण भरवायला लावा आणि जे चुकते ते तिथेच हात धरून सुधारा. लसीकरण कार्ड तपासा. "असं मूल आहे" म्हणून लस टाळलेली पुष्कळ मुले मी पाहिली आहेत, प्रत्यक्षात स्थिर असलेली सेरेब्रल पाल्सी लसीच्या आड येत नाही, आणि वारंवार छाती भरणाऱ्या मुलाला न्यूमोकोकलसारख्या लसी तर हव्यातच. त्यानंतर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी करून द्या. ही केंद्रे ज्याखाली चालतात त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली, ० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी तो आहे, आणि तरीही साडेचार वर्षांची मुले फिजिओथेरपिस्टला एकदाही न भेटता आपल्याकडे येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना, जिच्यात एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, यांची माहिती समाजसेवा अधीक्षकांकडून लिहून द्यायला सांगा. ते पद रिक्त असेल तर तुम्हीच लिहा.

आज रात्रीच्या ओव्हरमध्ये मात्र एवढे नक्की सांगा : सकाळचे वजन किती होते, ७५० पैकी किती मिली गेले, शेवटची लघवी किती वाजता झाली, व्हॅल्प्रोएटचा रात्रीचा डोस कोणी आणि केव्हा दिला, ओला आवाज आला होता का. आणि आई आज कशी भरवते आहे, बसवून की पायांवर घेऊन, हे स्वतः खाटेपाशी जाऊन पाहून सांगा.